करंगळीसाठी शब्द

"ह्याचा अर्थ काय, सर?"

लोकरेबाईंनी मशीनवरचे हात उचलून मांडीवर ठेवले होते. म्हणजे अर्थ कळल्याशिवाय पुढचं अक्षर उमटणार नव्हतं.

"बाई, टायपिंगला अर्थ लागत नाही. डोळ्यानं अक्षर बघायचं आणि बोटानं मारायचं. अर्थात शिरलात की स्पीड गेला."

"तसं न्हाई जमत मला. अर्थ ठाऊक नसला की बोट अडतं. सांगा की."

शब्द होता 'ओपेक'. मला तरी कुठे ठाऊक होता! आदल्या दुपारी नगरवाचनालयातल्या जाड डिक्शनरीत सापडला, त्यात क्यूही होता आणि एही होता, म्हणून घाईघाईनं वहीत उतरवून घेतला. अर्थ वाचायची तसदी घेतली नव्हती.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"मग उद्याच मारते," म्हणत त्यांनी ती ओळ सोडली आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या. पुढचा शब्द 'बझार' होता. "हा तर आपल्यातलाच," म्हणून त्या हसल्या आणि डाव्या हाताची वाकडी करंगळी ए वर टेकवली. कळ अर्धीच खाली गेली. कागदावर उमटलेला ए इतका फिकट होता, की तो आहे हे आधी ठाऊक असलं तरच दिसावा.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. बार्शीला एका स्टेशनरीच्या दुकानावर तडवळकर सरांचा टायपिंग क्लास होता. बारा मशीन, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. मी तिथे शिकवायचो आणि मशीनही दुरुस्त करायचो. वय चोवीस, पगार बेताचा आणि रुबाब कलेक्टरचा.

लोकरेबाई सकाळच्या सातच्या बॅचला यायच्या. शेवंता लोकरे. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून होता, तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागेवर यांना घेतलं. मॅट्रिक होत्या, अक्षर मोत्यासारखं, पण ऑर्डरमध्ये अट होती: दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाही तर सेवा संपली. परीक्षा वर्षातून दोनदा. बाई तीनदा नापास झाल्या होत्या. आता शेवटची खेप होती. घरी दोन मुली आणि एक अंथरुणाला खिळलेली सासू, सगळा संसार त्या एका ऑर्डरवर उभा होता.

आणि तो अडला होता करंगळीवर. लग्नाआधी ज्वारी काढताना विळा लागला, आतली शीर तुटली. बोट राहिलं, पण त्यातला जोर गेला. टायपिंगमध्ये डाव्या करंगळीकडे तीन अक्षरं असतात: ए, क्यू आणि झेड. क्यू आणि झेड क्वचित येतात, पण ए शिवाय इंग्रजीची एक ओळ पुढे सरकत नाही. फिकट अक्षर म्हणजे चूक, आणि बाईंच्या पानावर अशा साठ-सत्तर चुका निघायच्या. शेजारच्या बोटानं ए मारून पाहिला, तर ते बोट स्वतःचा एस विसरायचं. मराठीची परीक्षा द्यावी, तर मराठी मशीनवर निम्म्या अक्षरांना शिफ्ट दाबावी लागते आणि तीही करंगळीनंच. सगळीकडून कोंडी झाली होती.

मला वाटलं, बोटाला व्यायाम दिला तर सुटेल. नुसतं ए ए ए मारून बाईंचा जीव विटला होता. म्हणून मी असे शब्द शोधायला लागलो, ज्यात ही तीन अक्षरं भरभरून आहेत. बोलायला सोपं आहे. डिक्शनरी पहिल्या अक्षरावर लावलेली असते, शब्दाच्या पोटात काय आहे त्यावर नाही. म्हणजे पान न् पान वाचत जायचं. दुपारी दोन ते चार क्लास बंद असायचा, तेव्हा मी वाचनालयात बसून ओळीओळीवरून पेन्सिल फिरवायचो. ग्रंथपाल काका म्हणाले, "हेमंत, बॅरिस्टर व्हायचा विचार आहे का?" मी म्हटलं, "नाही, एका बाईंच्या करंगळीसाठी." त्यानंतर महिनाभर ते माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघत होते.

डॅझल, हॅझर्ड, प्लाझा, अमेझ, स्क्वेअर. तिन्ही अक्षरं एकाच शब्दात असलेला 'क्वार्ट्झ' सापडला तेव्हा मला गुप्तधन मिळाल्यासारखं झालं. सकाळी बाईंना दाखवला, तर त्या म्हणाल्या, "ह्यो तर साहेबांच्या खोलीतल्या घड्याळावर लिवलाय. रोज बघते मी. काय आसतं ते?" एक दगड असतो, त्यावर घड्याळ चालतं, असं मी ठोकून दिलं. बाईंना ते फार आवडलं. त्या दिवशी त्यांनी क्वार्ट्झ दोनशे वेळा मारला.

पण खरं सांगायचं तर बोट काही सुटलं नाही. पहिल्या महिन्यात जरा फरक पडला आणि तिथेच थांबलं. बाई पहाटे उठून कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायच्या, ऑफिसात टेबलाखाली बोट चोळत बसायच्या, आणि रोज सकाळी कागद माझ्यापुढे धरून विचारायच्या, "आज काळं आलंय न्हवं, सर?" मला त्या प्रश्नाची धास्ती बसली होती. एकदा मी गप्प राहिलो, तर त्यांनी कागद हळूच उलटा ठेवला आणि पदरानं मशीन पुसायला लागल्या. तेव्हा माझ्या मनात भलतंच आलं.

पुढच्या रविवारी सकाळी क्लास रिकामा असताना मी सात नंबरचं मशीन उलटं केलं. ते बाईंचं मशीन. ए, क्यू आणि झेड या तीन कळांच्या स्प्रिंगा मी जराशा सैल केल्या. अगदी जराशा. सोमवारी ए शनिवारच्यापेक्षा काळा उमटला. बाई कागदाकडे बघतच राहिल्या.

"सर, बोट हाललं वाटतं!"

"हलणारच. एवढे शब्द काय फुकट मारलेत?"

मग दर रविवारी मी त्या स्प्रिंगा थोड्या थोड्या सैल करत गेलो. दिवाळीपर्यंत त्या इतक्या सैल झाल्या होत्या, की माशी बसली तरी ए उमटावा. परीक्षेला प्रत्येक क्लास आपापली मशीन घेऊन जातो, तेव्हा बाई सात नंबरवरच बसणार होत्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं. तडवळकर सरांना सांगायची सोय नव्हती. मशीनला असा हात लावलेला त्यांना खपत नसे. आणि बाईंना सांगितलं असतं, तर त्यांच्या तोंडावर आलेलं ते हसू गेलं असतं. "बोट सुटलं तुमचं," मी छातीठोकपणे म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या आणल्या. मी चार खाल्ल्या.

परीक्षा सोलापूरच्या एका शाळेत होती. पहाटे टेम्पो आला. मशीनना हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, एकेक मशीन गोधडीत गुंडाळून चढवलं. लोकरेबाई सगळ्या वाटेत सात नंबरवर हात ठेवून बसल्या होत्या. समोर माझी धाकटी बहीण कुंदा होती. तिचीही चाळीसच्या स्पीडची परीक्षा होती. जिल्हा परिषदेत जागा निघणार होत्या, सर्टिफिकेट लागणार होतं, आणि आई रोज माझ्या मागे लागलेली होती की पोरीचं तेवढं बघ.

हॉलमध्ये मशीन लावून आम्ही शिकवणारे व्हरांड्यात येऊन उभे राहिलो. भिंतीवर सूचनांचा कागद होता. त्यातली एक मला पाठ झाली आहे: मशीनमध्ये फेरफार आढळल्यास त्यावर परीक्षा दिलेल्या उमेदवाराचा निकाल रद्द. मी तो कागद वाचला आणि दुसरीकडे बघितलं.

"दादा!"

कुंदा दारात उभी होती. तिच्या मशीनचं कागद धरणारं कॅरेज सरकत नव्हतं. टेम्पोच्या धक्क्यांनी आतली दोरी तुटली होती. नवी घालायला अर्धा तास लागला असता आणि घंटेला आठ मिनिटं होती.

"जादाचं अकरा नंबर लाव तिला," तडवळकर सर म्हणाले.

"अकरा नको, सर." कुंदाचे डोळे भरले होते. "त्याच्या कळा दगडासारख्या आहेत. माझा स्पीड तिशीवर येईल. दादा, सांग ना."

मी काय सांगणार? अकरा नंबर अडगळीतलं मशीन होतं, दुसरं नव्हतंच. तेवढ्यात मागून लोकरेबाई पुढे आल्या.

"कुंदाताई, तुमी माझं घ्या. मी बसते अकरावर."

"अहो बाई, नको," मी म्हणालो. "तुमचं तुम्हाला राहू द्या."

"आवं सर, माझ्या बोटाला आता कंचं बी मशीन सारखंच की. तुमीच म्हनालात न्हवं, बोट सुटलं म्हणून? पोरीचं कशाला नुकसान? तुमी माझ्यासाठी चार महिनं त्या पुस्तकात डोळं फोडलं. तुमच्या भनीसाठी मी एवढं करू नये व्हय?"

"याला म्हणतात तयारी," तडवळकर सर कौतुकानं म्हणाले. "बघताय काय हेमंत, मशीन बदल."

स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशात होता. एकटा असतो तर अकराच्या स्प्रिंगाही सैल केल्या असत्या. पण सर पुढ्यात उभे होते, कुंदा माझा हात धरून होती, आणि बाई हसत होत्या. त्या क्षणी नुसतं एक वाक्य बोलायचं होतं: बाई, बोट सुटलेलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला बजावत आलो, की ऐन वेळी ते ऐकून त्यांचा धीर खचला असता म्हणून मी बोललो नाही. ते खोटं आहे. मला आधी कुंदा दिसली. मी सात नंबर उचलून तिच्या टेबलावर ठेवलं आणि अकरा बाईंच्या.

घंटा झाली आणि पन्नास मशीन एकदम सुरू झाली. त्या गदारोळात कुणा एकाचा आवाज वेगळा काढता येत नाही. तरी मी खिडकीपाशी कान देऊन उभा राहिलो.

बाई सगळ्यांच्या शेवटी बाहेर आल्या. करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलेली होती.

"कसा गेला पेपर?" सरांनी विचारलं.

"काय की, सर. बोट मेलं परत." त्या माझ्याकडे बघत होत्या. "रोज पळत हुतं वो. आजच काय झालं त्याला? एक बी ए धड उमटला न्हाई."

"मशीन जरा जड होतं," मी पुटपुटलो.

"मशीनला कशाला नावं ठेवू? समदी अक्षरं तर उमटत हुती. माझंच चुकलं कायतरी."

जानेवारीत निकाल लागला. कुंदा पहिल्या वर्गात पास. लोकरेबाई नापास.

दोन वर्षं फेब्रुवारीअखेर भरत होती. निकालानंतर आठवडाभर बाई आल्या नाहीत. मग एके दिवशी सकाळी ऑफिसला जाता जाता आल्या. क्लासमध्ये त्या वेळी तडवळकर सर आणि मी दोघेच होतो. बाईंनी पिशवीतून एक छापील अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला.

"हापिसातल्या चौधरी भाऊसाहेबांनी दिलाय. हात अधू आसला तर टायपिंगची अट माफ हुती म्हनं. डॉक्टरचा दाखला पायजे आन् क्लासचं पत्र पायजे, की बाईंचं बोट चालत न्हाई. पंधरा तारखेच्या आत दिलं तर साहेब वर पाठवत्यात. नोकरी ऱ्हाती."

मला इतकं हलकं वाटलं की मी उठूनच उभा राहिलो. चार महिने छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. "मग अडलंय कुठे, बाई? आणा, आत्ता लिहून देतो."

"पर सर, बोट तर चालतंय न्हवं?"

अर्जाकडे नेलेला हात मी मागे घेतला.

"डॉक्टर लिवून देतो म्हनले. बोट वाकडं दिसतंयच की. पर मला म्हाईत हाय ना. ह्यांच्या जागेवर बसते मी. त्येंनी जन्मात कधी खोटा कागद केला न्हाई. मी त्याच खुर्चीवर बसून सरकारला खोटं लिवून देऊ? तुमीच सांगा सर. बोट चालतंय का न्हाई? तुमी म्हनाल तसं करते."

"थांबा," त्या स्वतःच म्हणाल्या आणि सात नंबरपाशी जाऊन बसल्या. टेबलावरचा एक कोरा कागद चढवला. एकामागून एक शब्द मारत गेल्या. त्या स्प्रिंगा मी पुन्हा आवळल्या नव्हत्या. परीक्षेनंतर त्या मशीनकडे बघवत नव्हतं म्हणा, किंवा आळस म्हणा. सगळे ए कागदावर काळेभोर उमटले.

तडवळकर सर चष्मा वर करून बघत होते. "बोट तर छान चालतंय. काय हेमंत?"

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. खरं बोललो असतो, तर बाईंनी तो अर्ज त्याच टेबलावर बसून भरला असता, खुशीनं, कारण मग त्यात खोटं काहीच उरलं नसतं. पण सरांनी मला जिन्यावरून खाली काढलं असतं. आणि कुंदाच्या उत्तरपत्रिकेवर मशीनचा नंबर लिहिलेला होता: सात. पुढच्या सोमवारी तिची मुलाखत होती. बाहेर हातगाडीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार चौकापर्यंत पोचला.

"सर?" बाई म्हणाल्या.

"चालतंय की, बाई," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला आजही बघवत नाही. त्यांनी अर्ज उचलला, चार घड्या करून पिशवीत टाकला. "मग झालं तर. मन एकदा खात्री मागत हुतं. परीक्षेत मनच भ्यालं आसंल." जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या मला. मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

पंधरा तारीख गेली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात सेवा संपल्याचं पत्र पडलं. कुंदाला नोकरी लागली, तिनं पहिल्या पगारात मला शर्ट घेतला. लोकरेबाई मुलींना घेऊन माहेरी वैरागला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. शेतात मजुरीला जातात असंही कानावर आलं. मी चौकशी केली नाही. मला वैरागला जायला एसटीनं तास लागला असता.

त्यानंतर वीस वर्षांनी त्या मला बार्शीच्या स्टँडवर भेटल्या. मी ओळखलं नव्हतं, त्यांनीच ओळखलं. केस सगळे पांढरे, पाठीला बाक, बरोबर लेक होती, तिच्या कडेवर मूल. मी कसे आहात विचारलं. बरं हाय म्हणाल्या. सासू तेव्हाच गेली, दोन्ही पोरींची लग्नं झाली, अजून खुरपायला जाते म्हणाल्या. तिथल्या तिथे सांगून टाकावं, त्यांनी चार शिव्या द्याव्यात आणि मोकळं व्हावं, असं वाटलं. "बाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," मी म्हणालोसुद्धा.

पण त्या लेकीकडे वळल्या होत्या.

"अगं, नमस्कार कर. हेच ते सर. ह्यांनी माझं मेलेलं बोट जितं केलं हुतं."

लेकीनं मूल सावरत माझ्या पायांना हात लावला. उठताना तिनं आईच्या हाताकडे बघितलं, त्या तळव्यात मुडपून गेलेल्या बोटाकडे, आणि मग माझ्याकडे. मी तिच्या मुलाचा गाल धरला आणि नाव काय म्हणून विचारलं.